पाणी कोणत्या समुद्राला जाणार?

'सह्याद्री हा महाराष्ट्रातील प्रमुख जलविभाजक आहे.' हे वाक्य आपण किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत! मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि एक गुण मिळवतात. मागच्या वर्षी आमच्यापैकी एकीच्या वर्गात सहावीतल्या मुलीने विचारले, "बाई, जलविभाजक दिसतो का? तिथे उभं राहता येतं का?" 'ती नकाशावरची रेघ असते, दिसत नाही,' असे उत्तर बाईंनी दिले खरे, पण ते त्यांचे त्यांनाच पटले नाही.

आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर हिवाळ्यात एक दिवस चालायला बाहेर पडतो. बहुतेक वेळा कोकणचा किनारा गाठतो. ओहोटीची वेळ साधून, खडकांवरून तोल सांभाळत एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत जायचे, असा तो कार्यक्रम असतो. या वेळी त्या मुलीचा प्रश्न डोक्यात होता. म्हणून समुद्राच्या काठाऐवजी दख्खनच्या पठाराच्या काठाने चालायचे ठरवले. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातील पिंपरी गावातून निघायचे, अंधारबन नावाच्या जंगलातून हिर्डीला जायचे आणि तिथून उतरून रायगड जिल्ह्यातले भिरा गाठायचे. अंतर तेरा-चौदा किलोमीटर. वाट बहुतेक उताराची, पण दगडधोंड्यांची.

बांधावरची रेघ

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. पौड, मुळशी, ताम्हिणी करत निव्याहून पिंपरीकडे वळलो तेव्हा भाताची कापणी उरकलेली होती आणि खाचरांत नुसती खुंटे उभी होती. गावातल्या एका वयस्कर गृहस्थांना वाटाड्या म्हणून सोबत घेतले. सगळे गाव त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही मामाच म्हणू लागलो.

चालता चालता आम्ही त्यांना आमचा प्रश्न सांगितला. इकडचे पाणी पूर्वेला आणि तिकडचे पश्चिमेला, अशी रेघ कुठे आहे? मामा थोडे मागे गेले आणि एका खाचराच्या बांधावर उभे राहिले. "गुरुजी, या खाचरातलं पाणी धरणाकडं जातं. आणि ह्या खालच्या अंगाच्या खाचरातलं कोकणात. पावसाळ्यात या, दाखवतो."

बांध गुडघाभर उंचीचा, मातीचा. त्याच्या एका बाजूला पडलेला पावसाचा थेंब मुळा नदीच्या खोऱ्यात जाणार. पुण्यात मुळेला मुठा मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. हा प्रवास हजार किलोमीटरहून अधिक. त्याच बांधाच्या दुसऱ्या बाजूला पडलेला थेंब कुंडलिकेच्या दरीत उडी घेणार आणि रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळणार. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर पन्नासएक किलोमीटर भरेल. एका बांधाने दोन थेंबांचे समुद्र वेगळे केले होते.

आम्ही सगळे आळीपाळीने त्या बांधावर उभे राहिलो. बाईंनी फोटो काढून घेतला. त्या मुलीला उत्तर मिळाले होते. पण आमच्यातल्या एकाने सहज विचारले, "मामा, बांध फोडला तर?" मामा हसले. "मग धरणाचं पाणी कोकणात जाईल. बांध कुणाच्या हातात हाय, त्याच्यावर हाय सगळं." हे वाक्य दिवसभर आमच्याबरोबर चालत राहिले.

ढगांना लागणारी ठेच

दरीच्या काठाशी आलो. पायाखालची जमीन एकाएकी संपली आणि समोर कुंडलिकेची खोल दरी उघडली. पिंपरी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे, भिरा शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरचा फरक अगदी थोड्या आडव्या अंतरात.

पावसाचे सारे गणित या उंचीत आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारे वारे वाफेने भरलेले असतात. कोकणाच्या सपाट पट्टीवरून ते येतात आणि कड्याला अडून वर चढू लागतात. वर गेलेली हवा कमी दाबात प्रसरण पावते. प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःजवळचीच वापरते, म्हणून थंड होते. आता थंड हवेत वाफ कमी मावते. २७ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, २० अंशांना ती १७ ग्रॅमच उरते. राहिलेल्या वाफेचे पाणी होते.

ताम्हिणी परिसरात चांगल्या पावसाच्या वर्षी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २०२४ च्या जुलैअखेरीस तर ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली. इथून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवरच्या पुण्यात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पुण्याचा जवळजवळ वर्षाचा पाऊस ताम्हिणीने एका दिवसात पाहिला, असे मुलांना सांगितले तर त्यांना पर्जन्यछायेचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

जिन्याच्या पायऱ्या

समोरचा डोंगर नीट पाहिला तर तो एकसंध दिसत नाही. उभा काळा पट्टा, मग गवताचा उतार, पुन्हा उभा पट्टा, पुन्हा उतार, अशा पायऱ्या दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढत हे पठार तयार झाले. आज जेवढा भाग उरला आहे तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. भूशास्त्रात या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आमचे मामा त्याच थरांना 'टप्पे' म्हणत होते. दोघांनाही डोंगर पाहून एकच गोष्ट सुचली.

पायऱ्या का पडतात? लाव्हाचे सगळे थर सारखे नसतात. काही थर घट्ट, भरीव असतात. काहींत थिजताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात. भरीव थर सहसा झिजत नाही, त्याला उभ्या चिरा असतात आणि त्या चिरांवरून मोठे ठोकळे सुटतात. म्हणून तिथे कडा उभा राहतो. सच्छिद्र थर भुसभुशीत होतो, त्याचा उतार होतो आणि त्यावर माती व झाडे टिकतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाचा लाल पट्टाही दिसतो. एक थर थंड होऊन त्याची झीज व्हायला सवड मिळाली, मग त्यावर पुढचा तापलेला थर आला, असा त्याचा अर्थ. दोन लाव्हांच्या मधला मोकळा काळच जणू तिथे साठून राहिला आहे.

दोन नद्यांची शर्यत

वाटेत एका कोरड्या पडत चाललेल्या धबधब्यापाशी थांबलो. वरचा भरीव थर छपरासारखा पुढे आलेला होता आणि खालचा मऊ थर आत कोरला गेला होता. पावसाळ्यात पडणारे पाणी आणि उडणारे तुषार खालचा थर खात राहतात. एक दिवस वरच्या छपराचा आधार जातो आणि ठोकळे खाली कोसळतात. धबधबा तेवढा मागे सरकतो. खाली दरीत पडलेले खोलीएवढे धोंडे हे असेच कधीतरी सुटलेले असणार.

मागे म्हणजे कुठे? पूर्वेला, पठाराच्या आत. इथे थोडे गणित करू या. साडेसहाशे मीटरवरून निघालेले पाणी पश्चिमेला पन्नास किलोमीटरमध्ये समुद्रात पोचते, म्हणजे किलोमीटरला सरासरी तेरा मीटर उतार. नदीची वळणे धरली तरी तो दहाच्या आसपास राहील. पूर्वेकडे जाणाऱ्या पाण्याला जवळपास तेवढीच उंची हजार किलोमीटरहून अधिक अंतरात उतरायची आहे. उतार किलोमीटरला साधारण अर्धा मीटर. उतार जास्त तिथे पाण्याचा वेग जास्त आणि खोदण्याची ताकदही जास्त. त्यात पाऊसही कड्यावरच अधिक. या शर्यतीत पश्चिमेच्या नद्या जिंकणार हे उघड आहे.

त्याचा पुरावा डोळ्यांसमोर होता. पूर्वेकडची मुळेची दरी रुंद, पसरट, मंद उताराची आहे. एवढी रुंद दरी सहसा नदीच्या मधल्या टप्प्यात दिसते, उगमापाशी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अशा रुंद दऱ्या कड्यापाशी येऊन एकदम तुटतात. त्यांचा वरचा भाग कुठे गेला? पश्चिमेच्या नद्यांनी खाऊन टाकला. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात.

कड्याची मूळ जागाही इथे नव्हती, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी आजचा सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून फुटून दूर गेला. त्या सुमारास पश्चिमेकडची बाजू खचली. पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर आडवे न राहता पश्चिमेकडे झुकलेले आढळतात, तो याच उलथापालथीचा माग. फुटलेल्या भूखंडाचा तो काठ पुढे झिजत झिजत पूर्वेला सरकला आणि त्याच्या पायथ्याशी कोकण उरले. म्हणजे आम्ही समुद्रकाठ सोडून आलो असे वाटत होते तरी चालत होतो ते एका जुन्या, मागे हटलेल्या काठावरूनच.

अंधारबन

वाट रानात शिरली आणि सकाळचे नऊ वाजून गेलेले असताना संध्याकाळ झाल्यासारखे वाटले. नाव उगाच पडलेले नाही. अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, हिरडा अशा झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतून वर छत झाले आहे. अशा दाट रानात वरच्या प्रकाशाचा जेमतेम काही टक्के भाग जमिनीपर्यंत येतो. म्हणून खाली गवत जवळजवळ नाही. जिथे एखादे झाड पडून छताला भोक पडले आहे, तिथे मात्र कारवी आणि लहान रोपांची एकच दाटी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते, हे मामांनी आम्हाला सांगण्याआधी आमच्यातल्या वनस्पतिप्रेमी मित्राने सांगून टाकले. मग कारवीच्या कुडाच्या भिंती कशा विणतात ते मामांनी सांगितले, आणि ते त्या मित्राला ठाऊक नव्हते.

रानात चालताना पाय पानांच्या जाड थरावर पडत होता. हा थर आणि झाडांची मुळे मुसळधार पावसाचा मार अंगावर घेतात, पाणी थोपवतात आणि हळूहळू खाली सोडतात. महिनाभर पाऊस नसतानाही रानातल्या ओढ्यांना पाणी होते. उलट, रानाबाहेरच्या उघड्या कातळावरचे ओहोळ ठणठणीत कोरडे. सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण का होते, याचे उत्तर इथे मिळते. घट्ट काळ्या खडकात पाणी फारसे मुरत नाही, उतारावरून ते काही तासांत निघून जाते. मामा म्हणाले, "आमच्याकडं पाणी लई पडतं गुरुजी, पण ऱ्हात न्हाई."

२०१३ साली ताम्हिणी अभयारण्य जाहीर झाले. शेकरू दिसेल या आशेने आम्ही माना वर करून चाललो, पण आम्हाला त्याचे घरटेच दिसले. आमचा आवाज त्याला आधीच पोचला असावा.

फसलेला प्रयोग

आता एक कबुली. सकाळी पिंपरीत आमच्या विज्ञान शिकवणाऱ्या मित्राने प्लॅस्टिकची रिकामी बाटली उघडून हवा आत घेतली आणि बूच घट्ट लावले. "खाली हवेचा दाब जास्त. भिऱ्याला पोचेपर्यंत ही चेपलेली असेल," असे त्याने जाहीर केले. हिर्डीत भाकरी खाऊन, नागशेतची उतरण उतरून दुपारी भिऱ्याजवळ आलो. बाटली पिशवीतून काढली. ती होती तशीच! सगळ्यांनी त्याची भरपूर थट्टा केली.

ओढ्याकाठी बसून हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. साडेपाचशे मीटर खाली आल्याने दाब सुमारे सात टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे लिटरभर हवेने साधारण ६५ मिलिलिटर आकसायला हवे. पण सकाळी तापमान १६ अंश होते आणि दुपारी खाली ३१. निरपेक्ष तापमानात हे २८९ वरून ३०४ झाले, म्हणजे पाच टक्के वाढ. त्यामुळे हवा जवळजवळ ५० मिलिलिटरने फुगणार. एकाने आकसवले, दुसऱ्याने फुगवले आणि फरक उरला पंधरा-सोळा मिलिलिटरचा. तो बाटलीच्या लवचीक भिंतीत कुठेच दिसेना.

मग बाटली ओढ्याच्या गार पाण्यात पाच मिनिटे बुडवून धरली. बाहेर काढली तर तिच्या पोटाला चांगला खळगा पडलेला! दाबाचा परिणाम होताच, उष्णतेने तो झाकला होता. प्रयोग ठरल्यासारखा झाला असता तर बॉइलचा नियम तेवढा आठवला असता. तो फसला म्हणून चार्ल्सही भेटला.

बोगद्यातून आलेले पाणी

भिऱ्याला कड्यावरून खाली उतरणारे मोठे नळ आणि वीजघर दिसते. इथे येणारे पाणी मुळशीच्या तलावातले. मुळा नदीवर टाटांनी धरण बांधले, ते पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली आणले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. त्याआधी खोपोली १९१५ मध्ये आणि भिवपुरी १९२२ मध्ये याच तत्त्वावर सुरू झाली होती.

सकाळी मामांनी दाखवलेला बांध इथे आठवला. कुंडलिकेला मुळेचे पाणी पळवायला लाखो वर्षे लागली असती. माणसाने डोंगराला भोक पाडून ते काम काही वर्षांत केले. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अरबी समुद्राकडे वळले.

या कामाची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनी दिली. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी या योजनेत जाणार होत्या, आणि त्या आंबेमोहोर पिकवणाऱ्या भातजमिनी होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. १९२४ पर्यंत हा लढा चालला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. धरणाला विरोध करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते. धरण मात्र झाले. "माझ्या आजीचं माहेर त्या पाण्यात हाय," मामा सहज बोलून गेले. "ती म्हातारी होईस्तवर शेताची नावं सांगायची. शेतं न्हाईत, नावं हायती."

आम्ही पुन्हा हिशेबाकडे वळलो. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलोग्रॅम. ते पाचशे मीटर खाली आले तर ४९ लाख जूल ऊर्जा मिळते. एका युनिटमध्ये ३६ लाख जूल असतात. यंत्रांतली तूट वजा केली तर एका घनमीटरला एक युनिटहून थोडी जास्त वीज पडते. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरभर पाण्यामागे सुमारे अकरा युनिट. तेच पाणी माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने शहरातल्या पाच माणसांच्या कुटुंबाला पंधरा दिवस पुरते.

हा आकडा ऐकून आमच्यात वाद पेटला. एकाचे म्हणणे असे की वाढते पुणे आणि पूर्वेकडचा दुष्काळी भाग तहानलेला असताना हे पाणी पश्चिमेला सोडू नये. दुसरीने लगेच आठवण दिली की वीजघरातून बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही, त्यावर कुंडलिकेकाठची शेती, कारखाने आणि गावे उभी आहेत, शिवाय ही वीज कोळसा न जाळता मिळते. कृष्णा खोऱ्यातले पाणी पश्चिमेला किती वळवायचे यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात मर्यादा घातलेली आहे, म्हणजे हा प्रश्न एका तालुक्याचा किंवा एका राज्याचाही नाही. विज्ञानाने एका घनमीटरमागे किती वीज ते सांगता येते. ते पाणी कुणाचे, हे सांगता येत नाही. पण दुसऱ्या प्रश्नावर बोलायचे तर पहिले गणित यायला हवे, यावर आमचे एकमत झाले.

वर्गात काय करता येईल?

मुलांना इतक्या लांब नेता येईलच असे नाही. तशी गरजही नाही. जलविभाजक शाळेच्या आवारातही सापडतो. जोराची सर आली की पाणी मैदानावरून कोणत्या बाजूंना वाहते ते मुलांना पाहायला सांगा आणि पाऊस थांबल्यावर चुन्याने रेघ आखायला लावा. मग आपल्या गावातले पाणी कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला आणि शेवटी कोणत्या समुद्राला जाते, ते नकाशावर बोट फिरवून शोधू द्या. वाटेत धरण किंवा कालवा लागला तर पाणी कुणाकडे वळले आणि कुणाकडे जायचे राहिले, हेही विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावे मिळाली तर तीही लिहून घ्यायला सांगा.

ज्यांना ही वाट चालायची असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर जावे. अतिवृष्टीत ओढे अचानक फुगतात, दरडी सुटतात आणि अनेकदा वाट बंद ठेवली जाते, म्हणून आधी चौकशी करावी. गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा. वाट दाखवणे हे त्याचे काम आहेच, पण आम्हाला जलविभाजक दाखवला तोही मामांनीच.

त्या मुलीला बाईंनी फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "बाई, हा बांध कुणाचा आहे?"